थोंगयोयच्या घरातली अर्धी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी गोळी आहे, आणि तीही अख्खी नाही, अर्धी. थोड्या वेळापूर्वीपर्यंत माझी एक कड गोल होती आणि दुसरी सुरीने कापल्यामुळे खडबडीत. आता मी विरघळू लागले आहे, म्हणून जे सांगायचे ते घाईने सांगते. माझा रंग पांढरा होता, तो पडून पडून पिवळट झाला. चव म्हणाल तर कारल्यानेही तोंड लपवावे इतकी मी कडू. माझे खरे नाव प्राझिक्वांटेल. ची नावाच्या नदीकाठच्या आमच्या गावात ते आजवर एकालाही नीट उच्चारता आलेले नाही. सगळे मला जंताची गोळी म्हणतात, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आधी मी नुसती पांढरी भुकटी होते. एका यंत्राने वरून असा काही दाब दिला की मी लांबट, घट्ट, चकचकीत गोळी झाले. माझ्यासारख्या हजारो बहिणी एका डब्यात भरल्या गेल्या. डब्यातल्या अंधारात आमच्या खूप गप्पा चालायच्या. आमच्या गणगोतात जंत मारणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक चुलत बहीण आतड्यातल्या गोल जंतांना साखर शोषूच देत नाही, त्यांना उपाशी मारते. दुसरी त्यांचे अंग इतके आखडवते की त्यांना आतड्यात तग धरता येत नाही, आणि ते बाहेर पडतात. आम्ही मात्र चपट्या जंतांच्या वैरिणी. "आपण गेलो की काम फत्ते," असे आम्ही एकमेकींना सांगायचो. लहान होतो, छाती फुगलेली होती.

गावात मला आणले नुआनने. ही आमची आरोग्यसेविका. भात कापून झाला की ती घरोघर विष्ठा तपासणीसाठी झाकणाच्या छोट्या डब्या वाटते. त्यात काय भरून द्यायचे ते सांगताना ती लाजत नाही, घेणारे लाजतात. खामपुन नावाच्या गड्याने तर एका वर्षी स्वतःऐवजी घरच्या कुत्र्याचे भरून दिले. नुआन त्याच्या अंगणात येऊन सगळ्यांदेखत म्हणाली होती, "खामपुनदादा, अभिनंदन! तुमचा कुत्रा ठणठणीत आहे. आता तुमचं द्या."

या खामपुनचा जिवलग दोस्त म्हणजे थोंगयोय. माझी गोष्ट त्याचीच आहे. उंच, काटक माणूस, नांगरापेक्षा सुऱ्यावर हात जास्त चालणारा. पंचक्रोशीत त्याच्यासारखी कोई, म्हणजे कच्च्या माशाचे कालवण, कुणाला जमत नसे. बोटभर लांबीचे पांढरे मासे तळ्यातून आणायचे, लाकडी ठोकळ्यावर बारीक बारीक चेचायचे, त्यात लिंबू पिळायचे, मिरची, पुदिना आणि भाजून कुटलेला तांदूळ घालायचा. चूल पेटवायचीच नाही. लिंबू पडले की मासा पांढराफटक होतो, आणि थोंगयोय म्हणायचा, "झाला शिजून! आता आणि कशाला जाळायचा?" मग चिकट भाताचा गोळा त्यात बुडवायचा आणि वरून तांदळाच्या दारूचा घोट. शेतावरच्या खोपटात पुरुष कोंडाळे करून बसायचे आणि पहिला घास थोंगयोयच्या हातचा असायचा.

त्याची बायको लामदुआन या कोईच्या वाटेला कधी गेली नाही. लहानपणापासून तिला कच्च्या माशाचा वास सोसत नसे. ती आपला वाटा कढईत परतून घ्यायची आणि पुरुष तिला हसायचे. त्यांची मुलगी पिन. आमच्याकडे रिवाजच असा की लग्नानंतर जावई सासुरवाडीला राहायला येतो. पिनचा नवरा साकोर्न आला त्या दिवशी थोंगयोयने त्याला समोर बसवून स्वतःच्या हाताने कोईचा घास भरवला. साकोर्नने तो डोळे मिटून गिळला. सासऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चला, शेताला माणूस मिळाला." त्या घासाबरोबर त्याच्या पोटात काय गेले हे त्या घरात कुणाच्या मनातही आले नाही.

मी गावात आले त्या वर्षीही थोंगयोयच्या डबीत जंतांची अंडी सापडली. नुआन गोळ्या घेऊन आली तेव्हा तो ओसरीवर सुऱ्याला धार लावत होता.

"थोंगयोयदादा, यंदाही निघालेच. जरा तरी लाज वाटू द्या."

"लाज कसली? आहेत तर आहेत. तू आहेस, तुझी गोळी आहे."

"गोळी म्हणजे साबण आहे का? रोज घाण करायची आणि रोज धुवायची?"

"मग! तूच सांगितलंस ना, एकदा घेतली की आत लख्ख. लख्ख झालं की आम्ही परत बसायला मोकळे."

आतून लामदुआन ओरडली, "ऐकू नकोस गं त्याचं! त्याच्या कानात बोललेलं कधी डोक्यापर्यंत गेलंय का?"

मित्रांनो, आम्ही गोळ्या तेव्हा पुडीत पडून हे ऐकत होतो आणि फुशारून गेलो होतो. केवढा हा विश्वास! आमच्या नावावर माणसे बिनधास्त जेवतात! या विश्वासाचे काय होणार आहे हे आम्हाला कळले असते तर आम्ही तिथेच भुगा झालो असतो.

आमची मात्रा वजनावर ठरते. थोंगयोयला काट्यावर उभे करून नुआनने सांगितले, साडेतीन. जेवण झाल्यावर घ्या आणि लगेच आडवे व्हा, चक्कर येते. लामदुआनने चौथी गोळी सुरीने मधोमध कापली. ती चौथी मीच. एक अर्धी थोंगयोयच्या जिभेवर गेली आणि दुसरी, म्हणजे मी, कागदात गुंडाळून तिच्या शिवणाच्या डब्यात. फेकून द्यायला तिचे मन झाले नाही. गेलेली अर्धी आणि मी एकाच दाबाखाली एकाच क्षणी जन्मलो होतो, म्हणून तिला आत जे दिसले ते मला डब्यात बसून कळले. कसे ते मला विचारू नका, जुळ्यांना विचारा.

थोंगयोयने तोंड वाकडे करत तिला पाण्याबरोबर ढकलले. पोटात ती फुटली, विरघळली आणि आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरली. तिथून सगळ्या वाटा आधी यकृताकडेच जातात. यकृत हा शरीराचा जकात नाका आहे. येईल त्याला अडवायचे, तपासायचे आणि मोडून काढायचे. आमच्यातला मोठा भाग ते पहिल्याच फेरीत मोडते. म्हणून आम्हाला वेळ फार थोडा मिळतो. पण आमची शिकारही तिथेच असते. यकृतात पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांत हे जंत राहतात, झाडाच्या कोवळ्या पानासारखे चपटे, दोन चूषकांनी भिंतीला चिकटलेले. वर्षानुवर्षे ते तिथेच खातात आणि तिथेच अंडी घालतात. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, पाण्यातून गोगलगायीत, गोगलगायीतून माशात आणि कच्च्या माशातून पुन्हा माणसात.

जंताच्या कातडीत एक दार असते. ते सहसा अगदी किलकिले असते आणि शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यातून कणाकणाने आत जातो. आमचे काम एवढेच, की ते दार सताड उघडायचे. चुना भसाभसा आत घुसतो आणि जंताच्या सगळ्या स्नायूंना एकाच वेळी पेटका येतो. तो आवळतो, वळतो, त्याच्या कातडीवर फोड येतात आणि ती फाटते. इतके दिवस त्या कातडीआड लपलेला हा परका आता शरीराच्या शिपायांना दिसतो आणि ते त्याच्यावर तुटून पडतात. चूषकांची पकड सुटते. पित्ताचा प्रवाह त्याला वाहवत आतड्यात नेऊन सोडतो आणि तिथून बाहेर. माणसाच्या शरीरात आम्हाला असे दार सहसा सापडत नाही, म्हणून माणसाला फार तर गरगरते आणि मळमळते.

माझ्या जुळीने आणि तिच्या सोबतिणींनी त्या संध्याकाळी हे काम चोख केले. एकही जंत सोडला नाही. पण जंत सुटल्यावर त्यांच्यामागची भिंत उघडी पडली आणि माझी जुळी दचकली. पित्ताच्या नळीची भिंत पातळ आणि मऊ असावी. ही जाड होती, जुन्या जखमांवर नव्या जखमा, त्यांच्यावर घट्टे. दर वर्षी जंत आले होते, दर वर्षी आमच्यासारख्या कुणीतरी त्यांना मारले होते आणि दर वर्षी भिंत थोडी अधिक बिघडली होती. एका कोपऱ्यात तर तिच्या पेशी आपला नेम सोडून वेड्यावाकड्या वाढू लागल्या होत्या. माझ्या जुळीला जंत मारता येतात. भिंत दुरुस्त करता येत नाही. पुढचा जंत येऊ नये म्हणून दारात पहारा देता येत नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली आणि बघता बघता यकृताने तिला मोडून टाकले.

मला डब्यात सगळे कळले होते. पण गोळीला तोंड कुठे असते?

सकाळी थोंगयोय उठला तो खडखडीत. "कशी हलकी झालीय बघ तब्येत," तो लामदुआनला म्हणाला. महिनाही उलटला नाही तोच गावच्या तळ्याचे पाणी उपसायचा दिवस आला. चिखलात मासे लख्ख उडत होते. थोंगयोयचा सुरा बाहेर निघाला. नुआन रस्त्यावरून जाताना दिसली, तर तो हसत ओरडला, "ये नुआन, बस! आता काय भ्यायचं, आत्ताच तर धुतलंय!"

त्याचे डोळे पिवळे झाले ते पुढच्या हंगामाच्या तोंडाशी. आधी अंगाला खाज सुटली. मग लघवी चहासारखी होऊ लागली आणि अन्नावरची वासना उडाली. लामदुआनने झाडपाल्याचा काढा दिला. पिन म्हणाली, "बाबांना शहरात न्या." शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला आत-बाहेरून तपासले, पित्त काढायला एक नळी घातली आणि काही दिवसांनी घरी पाठवले. पित्ताच्या नळीतली कॅन्सरची गाठ कापून काढायची वेळ निघून गेली होती.

नुआन भेटायला आली तेव्हा लामदुआन तिच्या अंगावर धावूनच गेली.

"तुझी गोळी खोटी निघाली! दर वर्षी घेतली त्यानं. दर वर्षी! एक वर्ष चुकवलं नाही."

"ताई, बसा. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आत एकही जंत नाही." लामदुआन मटकन खाली बसली. "एकही नाही म्हणाले, नुआन. मला आनंदच झाला. मी म्हटलं, मग बरा होईल ना? तर ते कागदांकडे बघत बसले."

नुआनने तिचा हात धरला. माझ्या मनात आले, या बाईने मला आत्ता शिव्या दिल्या तरी चालतील. कारण खोटी असते तर बरे झाले असते. मी खरी होते, हाच सगळा घोटाळा होता.

त्या दिवशी लामदुआनने शिवणाचा डबा उघडून मला बाहेर काढले. थोंगयोयच्या अंथरुणाशी बसून म्हणाली, "ही अर्धी राहिलीय. घेऊन तर बघ."

थोंगयोयचा चेहरा हळदीने माखल्यासारखा दिसत होता. त्याने मला बोटांत धरले, उलटसुलट पाहिले आणि तिच्या ओंजळीत परत ठेवले.

"राहू दे गं. आत आता मारायला उरलंय कोण? मीच."

लामदुआन माझ्यासकट मूठ आवळून बसली. तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता. मित्रांनो, इतके निरुपयोगी मला कधीच वाटले नव्हते.

मग घरच्यांनी त्याचा आत्मा शरीरात टिकून राहावा म्हणून मनगटावर पांढरे दोरे बांधले. भिक्खू आले, शेजारी आले. साकोर्न दोरा बांधायला वाकला तेव्हा थोंगयोयने त्याचे मनगट पकडले.

"तू नको खाऊस."

"काय, बाबा?"

"कोई. मी भरवली तुला. आता मीच सांगतो, नको खाऊस."

"नाही खाणार. जन्मात हात लावणार नाही."

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून भाजलेल्या तांदळाचा वास आला. थोंगयोयने मान वळवून नाक फुलवले. "खामपुन तांदूळ करपवतोय," तो म्हणाला. "कडू होणार सगळं." जीव जायच्या वाटेवर होता, तरी त्याला ते सहन झाले नाही. लामदुआन हसली आणि हसता हसता रडू लागली. दोन दिवसांनी तो गेला.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल थंड नसते. शव घरात असते, भिक्खू सूत्रे म्हणतात आणि गावोगावची माणसे येऊन जेवतात. बायका आत भात शिजवतात, पुरुष अंगणात मांस-मासळी करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी खामपुन बादलीभर मासे घेऊन आला आणि थोंगयोयचा लाकडी ठोकळा ओढून म्हणाला, "साकोर्न, बस. जावयाचा मान तुझा."

लामदुआन दारात आली. "मासे कढईत टाका. परतून घ्या."

"वहिनी, ती काय कोई झाली? ती बायकांची भाजी झाली."

"चालेल मला."

"तुम्हाला चालेल हो! पण थोंगयोयच्या मयताला कोई नाही म्हटल्यावर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. ज्यानं आख्ख्या मुलखाला भरवलं, त्यालाच शेवटी उकडलेल्या माशावर बोळवायचं?" खामपुन खोटे बोलत नव्हता. मित्राचा मान ठेवायची दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती.

आलेली माणसे साकोर्नकडे बघू लागली. तो बसला आणि त्याने सुरा चालवला. लिंबू पिळले, तांदूळ घातला, मासा पांढरा झाला. खामपुनने चिकट भाताचा गोळा बुडवून त्याच्यापुढे धरला. "चव बघ. सासऱ्याच्या हाताची आली का ते तूच सांगू शकशील."

"मी नाही खात, काका."

"एक घास रे. त्याच्या नावाचा."

पिन ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. साकोर्नने तिच्याकडे पाहिले, घासाकडे पाहिले आणि तिची समजूत घालावी तसा हळूच म्हणाला, "एकच घास. आईच्या डब्यात अर्धी गोळी आहे ना? उद्या घेऊन टाकतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला मी असल्याचीच लाज वाटली. सासऱ्याला दिलेला शब्द त्याने माझ्या भरवशावर मोडायला काढला होता. मी नसते तर त्याच्या हाताला निदान भीती तरी आडवी आली असती.

लामदुआन आत गेली. डबा उघडला, कागद सोडला आणि मला घेऊन अंगणात आली. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. मग तिने मला तोंडात टाकले आणि चावले. गिळले नाही आधी, चावले. कडूपणाने तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

"आई!" पिन ओरडली.

"संपली," लामदुआन साकोर्नला म्हणाली. "आता डब्यात काही नाही. आता खा."

मी तिच्या घशातून खाली उतरत होते आणि मला वाटले, झाले, साकोर्न सुटला. मग खामपुनने खाकरून घसा साफ केला आणि अगदी मायेने म्हणाला, "वहिनी, अर्ध्या गोळीनं काय होतंय? नुआनच्या पिशवीत ढीगभर आहेत. बस रे साकोर्न, चालू दे." कुणीतरी दारूची बाटली पुढे सरकवली. ती सरकल्याचा आवाज मी ऐकला आणि मग साकोर्नचा आवाज ऐकला, तोंडात घास असलेला. "मिरची थोडी कमी पडली, काका."

आता मी लामदुआनच्या यकृतात पोहोचले आहे. इथल्या नळ्या पातळ आहेत, मऊ आहेत. पित्त सरळ वाहते आहे. एकही घट्टा नाही. मला इथे काहीच काम नाही, आणि मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिलेली ही एकमेव निरोगी जागा आहे. ती कुठल्याही गोळीने केलेली नाही. कढईतल्या मासळीने केली आहे.

माझे थोडेच उरले आहे, तेवढ्यात सांगते. आम्हाला घ्यायची वेळ आली तर नक्की घ्या, कडू लागलो तरी घ्या. पण आमच्या भरवशावर तोंडात काही टाकू नका. आम्ही मारतो, सांधत नाही. पुढच्या कापणीनंतर नुआन पुन्हा गोळ्या घेऊन येईल आणि साकोर्नला काट्यावर उभे करील. माझ्या बहिणी त्याच्या पोटात जातील आणि आपले काम चोख करतील. एकही जंत सोडणार नाहीत. आणि पुढच्या तळे-उपशाच्या दिवशी तो पुन्हा ठोकळ्यापाशी बसेल.